चौकातला पुतळा उतरवायचा की जागेवरच दुरुस्त करायचा: खाडीकाठच्या एका शहराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोकणातील एका लहान ऐतिहासिक शहराचे आहे. शहराचे, संस्थांचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. पुतळा कोणाचा हेही मुद्दाम सांगितलेले नाही, कारण पहिल्या बैठकीपासून आम्हाला असा अनुभव आला की नाव उच्चारले की लोक त्या थोर पुरुषाविषयी बोलू लागतात आणि पुतळ्याच्या पोटातला गंज बाजूला राहतो.

शहर खाडीच्या मुखाशी वसलेले आहे. जुन्या किल्ल्याचा दरवाजा आणि तटाचा काही भाग केंद्र संरक्षित स्मारक आहे, आणि बाजारपेठ थेट त्या तटाला येऊन भिडते. बाजारपेठेच्या तोंडाशी असलेल्या चौकात जांभ्याच्या चबुतऱ्यावर नऊ फूट उंचीचा ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा सत्तरच्या दशकापासून उभा आहे. याशिवाय एस.टी. स्थानकासमोर फायबरचा एक अर्धपुतळा, हायस्कूलच्या आवारात जुन्या चित्रकला शिक्षकांनी स्वतः घडवलेला सिमेंटचा अर्धपुतळा आणि नगरपरिषदेच्या बागेत दोन लहान पुतळे आहेत. शहराबाहेर देवीच्या आमराईत काही वीरगळही, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, पडून आहेत. त्यांना पुतळा म्हणावे की नाही यावर आमचा एक पूर्ण तास गेला. मला तो वाया गेला असे आजही वाटत नाही, कारण या शहरातली माणसाची सर्वांत जुनी सार्वजनिक स्मारके तीच आहेत आणि त्यांची नोंद कोणत्याच दप्तरात नव्हती.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि त्यानंतर किनारपट्टीवरच्या प्रत्येक गावात आपल्या चौकातल्या पुतळ्याकडे लोक मान वर करून पाहू लागले. या शहरातही तेच झाले. एका दुकानदाराने चौकातल्या पुतळ्याच्या डाव्या घोट्याजवळून खाली आलेला तांबूस ओघळ दाखवला. ओघळ नवा नव्हता. दरवर्षी जयंतीच्या आधी चबुतरा धुतला की तो जाई आणि पावसाळ्यात पुन्हा येई. त्या वेळी निवडणुका रखडल्यामुळे नगरपरिषदेवर प्रशासक होते. त्यांनी तंत्रनिकेतनातील एक बांधकाम अभियंता, ओतकामाचा अनुभव असलेले एक शिल्पकार आणि जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करणारा मी, अशा तिघांना पाहणी करून अहवाल देण्यास सांगितले.

अडचण

पहिला प्रश्न तांत्रिक असेल असे आम्हाला वाटले होते, पण पुतळा नेमका कोणाच्या मालकीचा, हेच आधी शोधावे लागले. नगरपरिषदेच्या दप्तरात चबुतऱ्यासाठी जागा दिल्याचा ठराव सापडला, पुतळा ताब्यात घेतल्याचा ठराव सापडला नाही. ज्या स्मारक समितीने वर्गणी काढून पुतळा उभारला ती समिती कधीच विसर्जित झाली होती. शासनाने पुतळ्यांच्या उभारणीसाठी २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. त्यांनुसार देखभाल आणि पावित्र्य राखण्याची जबाबदारी पुतळा उभारणाऱ्या संस्थेवर येते, पण सत्तरच्या दशकातल्या पुतळ्याला आणि हयात नसलेल्या समितीला हा नियम लावायचा कसा? प्रत्यक्षात गेली अनेक वर्षे जयंती साजरी करणारे मंडळच पुतळ्याची निगा राखत होते, आणि ती निगा म्हणजे दरवर्षी ब्राँझ रंगाचा एक हात, दुधाचा अभिषेक आणि हाराकरिता पुतळ्याच्या हाताला टेकवलेली शिडी.

आता पुतळ्याविषयी. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकर यांनी एकसंध ओतला होता. इतके धाडस आणि तशी व्यवस्था सर्वांना शक्य नसते. बहुतेक ब्राँझ पुतळे तुकड्यांत ओतून, जोडून, आत लोखंडी सांगाडा घालून उभे केले जातात, तसाच हाही होता. ब्राँझचे कवच सहा ते आठ मिलिमीटर जाडीचे असते. पुतळ्याचे वजन आणि वाऱ्याचा जोर आतला सांगाडा पायांतून चबुतऱ्यात उतरवतो. तांब्याची मिश्रधातू आणि लोखंड खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिली की झिजते ते लोखंड, ब्राँझ शाबूत राहते. त्यामुळे असा पुतळा बाहेरून ठणठणीत दिसत असतानाच आतून पोकळ होत जातो, आणि बाहेर खूण दिसतेच तर ती एखाद्या ओघळाचीच.

शिल्पकारांनी लाकडी हातोडीने पुतळा तळापासून छातीपर्यंत ठोकून पाहिला. उजव्या पायाचा नाद स्वच्छ होता, डावा पाय गुडघ्याखाली भरल्या माठासारखा बद्द वाजत होता. अभियंत्यांनी घोट्यामागे छोटे भोक पाडले तेव्हा आधी काही आले नाही, मग गढूळ, चहाच्या चोथ्यासारखे गंजाचे कण असलेले पाणी येऊ लागले आणि येतच राहिले. बादली भरली, दुसरी लावावी लागली. पाणी साठण्याचे कारण त्याच दिवशी समजले. मूळ ओतकामात तळाशी निचऱ्यासाठी दोन छिद्रे ठेवलेली होती. काही वर्षांपूर्वी चौकाचे सुशोभीकरण करताना जांभ्याच्या चबुतऱ्याला ग्रॅनाइट लावले गेले आणि त्या कामात सिमेंटने ही छिद्रे बुजली. काम करणाऱ्यांचा काही वाईट हेतू नव्हता. ते भोक कशासाठी आहे हे सांगणारा कागद कोणाकडे नव्हता, इतकेच.

भोकातून बारीक कॅमेरा सोडल्यावर डाव्या पायातल्या लोखंडी पाइपचा बराचसा भाग पापुद्र्यांसारखा सुटलेला दिसला. उजवा पाइप गंजला होता, पण भरीव होता. पुतळा आज पडेल असे म्हणता येत नव्हते. वादळात पडणार नाही, असे मात्र अभियंते लिहून द्यायला तयार नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

प्रशासकांनी नागरिकांची बैठक बोलावली, तेव्हा सर्वांत जोरदार मागणी नव्या, उंच पुतळ्याची झाली. जुना उतरवून त्याच जागी दुप्पट उंचीचा बसवावा, निधी उभा करू, असे काही जणांनी सांगितले. ही भावना थट्टेने उडवण्यासारखी नव्हती. मात्र नव्या पुतळ्यासाठी मातीच्या प्रतिरूपाला कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांचे ना हरकत आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची परवानगी लागते, हे सांगितल्यावर बैठकीतला आवाज थोडा खाली आला. त्याहून मोठी अडचण जागेची होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये असे राज्यांना सांगितलेले आहे. आमचा चौक म्हणजे रस्ताच. शिवाय चबुतरा संरक्षित तटापासून शंभर मीटरच्या आत येत होता, आणि १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार त्या पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. दुरुस्तीसाठीही परवानगी घ्यावी लागते.

शिल्पकारांचा स्वतःचा कल पुतळा उतरवून ओतशाळेत नेण्याकडे होता, आणि निव्वळ कारागिरीच्या दृष्टीने तो बरोबर होता. आडव्या ठेवलेल्या पुतळ्यात सांगाडा बदलणे सोपे, जोडही स्वच्छ होतात. येथे प्रकरणातला खरा निर्णय आला. उतरवलेला पुतळा पुन्हा त्याच जागी बसवणे ही दुरुस्ती समजायची की नवी उभारणी? नगरपरिषदेच्या वकिलांनी ठाम उत्तर दिले नाही. कोणी हरकत घेतली तर चबुतरा रिकामा राहण्याचा धोका आहे, आणि रिकामा चबुतरा हा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न होईल, एवढे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले. हे ऐकल्यावर प्रशासकांनी पेन खाली ठेवले, तो क्षण मला नीट आठवतो. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत चांगला पर्याय तिथेच मागे पडला.

पुतळा बागेत हलवण्याची सूचना एका निवृत्त शिक्षकांनी केली. वाहतुकीचा विचार करता ती शहाणपणाची होती. त्यांनी मुंबईचे उदाहरण दिले: एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, तरी लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. त्यावर मंडळाच्या एका तरुणाने शांतपणे विचारले, की ज्या राजाला घालवायचेच होते त्याचे उदाहरण आम्हाला कशाला देता? सूचना तेथेच संपली, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

नुसता रंग देऊन एक पावसाळा काढावा, असेही कोणीतरी सुचवले. ते इतिवृत्तात नोंदवले गेले, त्यापलीकडे त्यावर चर्चा झाली नाही. शेवटी जागेवरच, उभ्या पुतळ्यात सांगाडा बदलण्याचे ठरले. हा पर्याय अधिक अवघड आणि आमच्या पहिल्या अंदाजापेक्षा महाग होता.

प्रत्यक्ष काम

संरक्षित क्षेत्रातील दुरुस्तीची परवानगी हाती येईपर्यंत हिवाळा अर्धा सरला आणि जयंतीला सात आठवडे उरले. परांची बांधली, पुतळ्याचा भार तात्पुरता बाहेरून तोलण्यासाठी कमरेभोवती आणि काखेखालून नायलॉनचे रुंद पट्टे घेतले. त्याच संध्याकाळी कोणीतरी काढलेले छायाचित्र मोबाइलवरून गावभर फिरले. त्यात पट्टे पुतळ्याच्या गळ्याशी आवळल्यासारखे दिसत होते आणि खाली ओळ होती, ‘रातोरात उतरवणार’. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास चौकात दीड-दोनशे माणसे जमली. पोलीस आले. कामगार परांचीवरच थांबले.

या वेळी नगरपरिषदेच्या नगर अभियंत्यांनी जो निर्णय घेतला तो आमच्यापैकी कोणालाही सुचला नव्हता. त्यांनी मंडळाच्या दोघा कार्यकर्त्यांना हेल्मेट देऊन परांचीवर बोलावले, कॅमेऱ्याची तार त्यांच्याच हातात दिली आणि पायातला पाइप त्यांना स्वतः पाहू दिला. एकाने आपल्या मोबाइलवर त्याचे चित्रण केले, खाली उतरून लोकांना दाखवले आणि म्हणाला, “अरे, आत काहीच शिल्लक नाही रे!” गर्दी पांगायला मग फार वेळ लागला नाही. त्या दिवसापासून त्या दोघांपैकी एक जण रोज संध्याकाळी काम पाहायला येत असे.

काम असे झाले. पाठीमागे वस्त्राच्या चुणीत, जोड सहज लपेल अशा जागी, ब्राँझच्या कवचात एक खिडकी कापली. तिच्यातून गंजलेला डावा पाइप तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढला आणि खाऱ्या हवेत सहज न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टील ३१६ चा नवा सांगाडा सुटा आत नेऊन आतच बोल्टांनी जोडला. स्टील आणि ब्राँझ जेथे टेकतात तेथे निओप्रीन या कृत्रिम रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे दोन धातूंचा थेट संबंध राहणार नाही. वाऱ्याच्या भाराची आकडेमोड आय.एस. ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे केली. उजवा पाइप बदलायचा की ठेवायचा यावर मतभेद झाला. अभियंते ठेवू म्हणत होते, शिल्पकार बदलाच म्हणत होते. खिडकी एकदा उघडली आहे, ती पुन्हा कोण आणि कधी उघडणार, या शिल्पकारांच्या एका प्रश्नावर तोही बदलला गेला. निचऱ्याची छिद्रे मोकळी करून ग्रॅनाइटमधून पितळी नळी बाहेर काढली आणि तिच्याशेजारी ‘ही नळी बुजवू नये’ अशी ओळ कोरून घेतली.

रंग काढण्याचे काम मात्र आमच्या अंदाजाच्या पलीकडे गेले. पायातल्या वहाणेच्या कडेला शिल्पकारांनी धारदार पात्याने एक छेद घेतला, तेव्हा झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर दिसले. चौदा मोजता आले, खालचे एकमेकांत मिसळलेले होते. मधले दोन थर चक्क चंदेरी होते. तेवढी दोन वर्षे ब्राँझ रंग मिळाला नसावा! रंगाखाली दूध आणि हळदीचे पाणी मुरून काही ठिकाणी धातूवर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी आलेली होती. ही घट्ट हिरवट झळाळी नसून क्षारांमुळे धातू आत खात जाणारा रोग असतो. रंग उतरल्यावर वस्त्राच्या चुण्या, बोटांची पेरे आणि कपाळावरची एक आठी पहिल्यांदाच दिसली. चौकात रोज बसणारे एक म्हातारे गृहस्थ वर पाहत म्हणाले, “मी लहानपणी पाहिला होता तो हा.” स्वच्छ धातूवर संरक्षक मेणाचा लेप दिला आणि रंग पुन्हा द्यायचा नाही, असे अहवालात लिहिले.

लिहिणे सोपे होते. अभिषेक आणि रंग बंद करा, असे मंडळाला सांगायचे कोणी? पुतळ्याला दूध घालू नका हे वाक्य कोणत्याही सरकारी माणसाच्या तोंडून गेले असते तर पुढचे सगळे बिघडले असते. मंडळातले एक ज्येष्ठ, ज्यांना गाव तात्या म्हणते, त्यांनी बैठकीत स्वतःहून वाट काढली. आपल्या देवळात मूळ मूर्ती झिजू नये म्हणून अभिषेक उत्सवमूर्तीवर करतात, तसे येथे का करू नये, असे त्यांनी विचारले. मंडळाने वर्गणीतून वीतभर उंचीची पितळी प्रतिमा करून घेतली. जयंतीला ती चबुतऱ्यासमोर चौरंगावर ठेवून अभिषेक होतो आणि पुतळ्याला फक्त हार घातला जातो. हारासाठी चबुतऱ्याच्या मागे कायमची लोखंडी शिडी आणि पुतळ्याला न टेकणारा आकडा बसवला. आमच्या संपूर्ण अहवालात इतकी टिकाऊ सूचना दुसरी नव्हती, आणि ती आमची नव्हती.

निष्पत्ती

काम जयंतीच्या चार दिवस आधी संपले. खर्च मूळ अंदाजपत्रकापेक्षा बराच वाढला आणि त्यासाठी सुधारित मान्यता घ्यावी लागली. २०२५ च्या पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा पाहणी केली. ओघळ नव्हता, पितळी नळी ओली होती, म्हणजे आत शिरणारे पाणी बाहेर पडत होते, आणि कॅमेऱ्यात स्टीलवर डाग दिसला नाही. चुणीतल्या खिडकीच्या जोडाजवळ धातूचा रंग थोडा वेगळा उठून दिसतो. तो कालांतराने मिसळेल असे शिल्पकार म्हणतात. मला तशी खात्री वाटत नाही.

पुतळ्यांची नोंदवही सुरू झाली. प्रत्येक पुतळ्यासाठी एक पान, त्यावर माध्यम, उंची, आतला सांगाडा, निचरा, शेवटची पाहणी आणि जबाबदार व्यक्ती असे रकाने आहेत. वीरगळांनाही एक पान मिळाले.

आज पुन्हा करायचे झाले तर

पहिली चूक क्रमाची झाली. आत कॅमेरा घालण्याआधीच अंदाजपत्रक तयार झाले होते, कारण आर्थिक वर्ष संपण्याची घाई होती. दोन भोके आणि अर्ध्या दिवसाचे काम आधी केले असते तर सुधारित मान्यतेचे दोन महिने वाचले असते. रंगाच्या थरांचा छेदही तेव्हाच घेता आला असता.

दुसरी चूक आमचीच, आणि ती टाळण्यासारखी होती. परांची बांधण्याच्या आदल्या दिवशी चौकात एक फलक लावून काय होणार आहे, पट्टे का बांधणार आहोत आणि पुतळा कोठेही जाणार नाही हे लिहायला हवे होते. आम्ही वर्तमानपत्रात निविदा दिली होती, ती कायद्याने पुरेशी होती, पण चौकात उभ्या राहणाऱ्या माणसाने ती वाचलेली नव्हती. नगर अभियंत्यांना त्या सकाळी सुचले नसते तर काम निदान एक हंगाम बंद पडले असते.

तिसरी गोष्ट सुधारता येण्यासारखी राहिलेली नाही. सगळे लक्ष चौकाकडे असताना हायस्कूलमधला सिमेंटचा अर्धपुतळा आम्ही फक्त नोंदवहीत घेतला, त्याच्यासाठी सूचना लिहिल्या नाहीत. चौकातले काम पाहून उत्साहाने कोणीतरी त्याचाही जुना रंग काढायला घेतला, तेही तारेच्या ब्रशने. चित्रकला शिक्षकांनी ओल्या सिमेंटवर बोटांनी काढलेली केसांची वळणे आणि मानेमागे कोरलेली त्यांची सही त्यात गेली. आता तेथे गुळगुळीत, सोनेरी रंगाचा अर्धपुतळा आहे. ब्राँझला लागू पडते ते सिमेंटला लागू पडत नाही, हे एक वाक्य त्या पानावर लिहायला आम्हाला एक मिनिट लागले असते.

चौथा प्रश्न अजून सुटलेला नाही. देखभालीचा खर्च सध्या उद्यान विभागाच्या लेखाशीर्षातून होतो, कारण पुतळ्यांसाठी वेगळे शीर्ष नाही. मेणाचा लेप दर दोन वर्षांनी द्यावा लागेल. पुतळा नगरपरिषदेने रीतसर ताब्यात घेतल्याचा ठराव अद्याप झालेला नाही. निवडून आलेल्या सभागृहासमोर तो ठेवावा, असे टिपण मुख्याधिकाऱ्यांकडे दिलेले आहे. नोंदवहीत चौकातल्या पुतळ्याच्या पानावर ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात तोवर पेन्सिलीने नगर अभियंत्यांचे पदनाम लिहून ठेवले आहे.